टपालाची किल्ली परक्या हाती

कामशेतहून पवनानगरकडे येताना रस्त्याकडेच्या पाट्या वाचत आले, की मावळाचा बदललेला धंदा समजतो. धरणाकाठचे तंबू-मुक्काम, कृषी पर्यटन, पॉलिहाउस, रोपवाटिका, जमिनींचे व्यवहार, पतसंस्था. पाटीवर धंद्याचे नाव मोठ्या अक्षरांत, खाली मोबाइल नंबर आणि त्याखाली ईमेलचा पत्ता. तो पत्ता बहुतेक ठिकाणी जीमेलचा, फुकट मिळालेला. ज्यांची निर्यात आहे किंवा ज्यांचा माल तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत जातो, त्यांनी गुगलची नाहीतर मायक्रोसॉफ्टची पैसे भरून घ्यायची सेवा घेतलेली असते. खात्यामागे दरमहा इतके. फुकटवाला असो की पैसे भरणारा, दोघांच्या धंद्याची सगळी कागदपत्रे ज्या पेटीत येऊन पडतात, तिची किल्ली त्यांच्याकडे नाही. २०२५ च्या जुलैपर्यंत असे कोणी म्हटले असते, तर लोकांनी त्याला उगाच घाबरवणारा ठरवले असते. त्या महिन्यात जे घडले, त्यानंतर गप्प बसणे हाच निष्काळजीपणा आहे.

नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय कंपनी. गुजरातेत वाडीनारला तिचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि देशभर साडेसहा हजारांवर पेट्रोल पंप आहेत. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा आहे, म्हणून १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. चारच दिवसांनी, २२ जुलैला, मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबवली. कर्मचाऱ्यांचे आउटलुक बंद, टीम्स बंद, कंपनीचीच जुनी पत्रे कंपनीला दिसेनात. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले होते. भारताने ते निर्बंध मानलेले नव्हते. मायक्रोसॉफ्ट ही अमेरिकी कंपनी, निर्बंध युरोपचे आणि अंधार मुंबईच्या कचेरीत! नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. ३० जुलैला सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात कंपनीने टपालासाठी रेडिफचा आसरा घेतल्याच्या बातम्या आल्या.

देशातल्या सर्वांत मोठ्या तेल कंपन्यांपैकी एका कंपनीला दिल्लीतले नामवंत वकील उभे करून स्वतःची पत्रे परत मिळवायला आठवडाभर लागला. येळशाच्या गुलाबवाल्याने किंवा तिकोना पेठेच्या तंबूवाल्याने कोणत्या कोर्टात जायचे?

आमचा रशियाशी काय संबंध, असे इथला व्यावसायिक म्हणेल. रशियाशी नसेलही. पण खाते बंद व्हायला रशियाच लागतो असे नाही. कार्डाचा हप्ता अडकला, यंत्राला एखादा मजकूर संशयास्पद वाटला, कोणीतरी खोटी तक्रार केली, एवढे पुरते. अमेरिकेत एका बापाने आजारी मुलाचा फोटो डॉक्टरांना पाठवण्यासाठी काढला. गुगलच्या यंत्रणेने तो गुन्हा समजून त्याचे खाते बंद केले. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवले, तरी गुगलने खाते परत दिले नाही. २०२२ साली ही हकिगत न्यूयॉर्क टाइम्सने छापली. ज्याच्या बाजूने पोलीस आणि देशातले सर्वांत मोठे वृत्तपत्र उभे राहिले, त्याचीही दाद लागली नाही. फुकटच्या खात्याला ग्राहकसेवेचा टेबल नसतो; तिथे फक्त फॉर्म असतो आणि फॉर्मचे उत्तर यंत्र देते.

आता मावळाचा हिशेब मांडू. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कपासून पवन मावळापर्यंतच्या पॉलिहाउसांचे वर्ष व्हॅलेंटाइन डेच्या आधीच्या पंधरा-अठरा दिवसांवर उभे असते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून १० फेब्रुवारीच्या आसपासपर्यंत परदेशी माल जातो. त्या दिवसांत खरेदीदाराची ऑर्डर, इन्व्हॉइस, फायटो सर्टिफिकेट, एअरवे बिल, विमानाच्या वेळेतला बदल हे सगळे ईमेलवर चालते. नायराची सेवा आठ दिवस बंद होती. गुलाबाच्या हंगामात आठ दिवस टपाल बंद पडले, तर ते सगळे दिवस खोके शीतगृहात पडून राहणार आणि फूल काही न्यायालयाच्या तारखेची वाट पाहत नाही. तेल टाकीत साठवता येते, गुलाब नाही. लहान माणसावर हा घाव मोठ्या कंपनीपेक्षा खोल बसतो, हे आमचे म्हणणे आहे.

किल्ली परक्या हाती असणे म्हणजे काय, हे पवनानगरला वेगळे समजावून सांगायला नको. पवना धरण इथे बांधले गेले, जमिनी इथल्या गेल्या आणि पाणी कोणाला किती, कशातून न्यायचे याचा निर्णय दुसरीकडे होत राहिला. पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीतून पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि तीन शेतकरी जिवाला मुकले. त्या दुःखाची बरोबरी कशाशीही होऊ शकत नाही आणि आम्ही ती करत नाही. पण साठा आपल्या दारात असणे आणि त्यावर आपला शब्द चालणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे या खोऱ्याइतके महाराष्ट्रात कमी लोकांना कळले असेल.

टपालाचेही तसेच आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात आपली विदा केंद्रे (डेटा सेंटर) सुरू केली, तेव्हा त्यातले एक पुण्यात होते. म्हणजे मावळातल्या एखाद्या कारखानदाराची पत्रे त्याच्या कचेरीपासून तासाभराच्या अंतरावर ठेवलेली असण्याची शक्यता पुरेपूर आहे. विक्रेते ही गोष्ट अभिमानाने सांगतात: तुमची माहिती भारतातच राहते. राहते खरी. पण अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तिथल्या कंपनीला न्यायालयाच्या आदेशावरून माहिती द्यावी लागते, मग ती जगात कुठेही ठेवलेली असो. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटसमोर मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारले गेले, की फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय अमेरिकेकडे कधीच जाणार नाही, याची हमी तुम्ही देता का? त्याने हमी देता येत नाही, असे प्रामाणिकपणे सांगितले. भिंती पुण्याच्या असल्या, तरी हुकूम कोणाचा चालतो हे त्या उत्तरातून कळते.

पुण्याने हा धडा एकदा शिकलेला आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने महासंगणक देताना हात आखडला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभे राहिले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. नकार मिळाला म्हणून आपण बनवायला शिकलो. आजचा धोका वेगळा आणि जास्त फसवा आहे, कारण आज कोणी नकार देत नाही. उलट सगळे सहज, स्वस्त, दोन मिनिटांत मिळते. नकार नंतर कधीतरी येतो, तुमच्या दहा वर्षांच्या फाइली त्यांच्याकडे गेल्यावर.

मग दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो जुना, वापरून सिद्ध झालेला आहे. ईमेल ही मुळात कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही. पत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसे जावे याचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून सगळ्यांसाठी खुले ठेवले. आजही जगातले टपाल त्याच नियमांच्या पुढच्या आवृत्त्यांवर चालते. त्या नियमांनुसार काम करणारे आणि मूळ आज्ञावली सर्वांना खुली असलेले, म्हणजे ओपन सोर्स, सॉफ्टवेअर अनेक आहे. पत्रे पाठवण्या-स्वीकारण्यासाठी पोस्टफिक्स: ते वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्या प्रयोगशाळेत लिहिले आणि १९९८ च्या अखेरीस खुले झाले. पत्रे साठवून वापरणाऱ्याला दाखवण्यासाठी डव्हकॉट: फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनी २००२ साली आणलेले. ब्राउझरमध्ये उघडायला राउंडक्यूब, कचरा-पत्रे गाळायला आरस्पॅमडी. हे सगळे एकत्र बसवून देणारे आयरेडमेल आणि मेलकाऊसारखे संचही आहेत. परवान्याचे पैसे नाहीत आणि खात्यांच्या संख्येवर कर नाही.

पैशांपेक्षा महत्त्वाची गोष्ट साठवणुकीची आहे. डव्हकॉटमध्ये मेलडिर पद्धत निवडली, की प्रत्येक पत्र ही एक स्वतंत्र, साधी फाइल असते. ती कोणत्याही लिनक्स यंत्रावर उचलून नेता येते, कोणत्याही संपादकात उघडून वाचता येते, पेनड्राइव्हवर ठेवता येते. सर्व्हर भाड्याने देणाऱ्याशी भांडण झाले, तर फाइली उचलायच्या, दुसरा सर्व्हर घ्यायचा, डोमेनच्या नोंदीत टपाल कोणत्या सर्व्हरवर पोचवायचे ते सांगणारा एमएक्सचा पत्ता बदलायचा. एक-दोन दिवसांत त्याच पत्त्यावर टपाल पुन्हा सुरू. निघून जाता येणे ही खरी मालकी. ग्राहक निघून जाऊ शकतो हे ज्याला ठाऊक असते, तो पुरवठादारही सरळ वागतो.

आपलाच सर्व्हर घ्यायचा, पण सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचे एक्स्चेंज, असा मधला मार्ग अनेक मध्यम कारखान्यांनी धरला होता. त्यांचे काय झाले तेही पाहावे. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंजमधल्या चार त्रुटींचा फायदा घेऊन जगभरातले हजारो सर्व्हर फोडले गेले. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक्स्चेंज २०१६ व २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा आधार कंपनीने संपवला. पुढची आवृत्ती वर्गणीवरची आहे. एकदा विकत घेतले की आपले, हा काळ तिथे संपला. आपल्या खोलीत ठेवलेल्या यंत्राचेही भाडे सुरू झाले.

उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने त्याच ऑक्टोबरात एक्स्चेंज आणि आउटलुक सोडल्याचे जाहीर केले. ४० हजारांहून जास्त टपालपेट्या आणि १० कोटींवर पत्रे व नोंदी ओपन-एक्स्चेंज आणि थंडरबर्ड या खुल्या सॉफ्टवेअरवर नेल्या. हे सुखासुखी झाले नाही. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, मंत्र्यांना उत्तरे द्यावी लागली. तरी राज्य मागे फिरले नाही, कारण त्रास आज सोसायचा की उद्या दुसऱ्याने ठरवलेल्या दिवशी, एवढाच पर्याय त्यांच्यापुढे होता.

आपल्याकडे सध्या दुसरे वारे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी झोहोच्या ईमेलवर गेल्याचे जाहीर केले, केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती झोहोच्या व्यवस्थेवर गेल्याच्या बातम्या आल्या आणि स्वदेशीचा गजर झाला. भारतीय कंपनी असणे ही चांगलीच गोष्ट आहे: वाद झाला तर न्यायालय आपले, कायदा आपला. रेडिफ नायराच्या उपयोगी पडले ते यामुळेच. पण आज्ञावली बंद, साठवण त्यांची, दर त्यांचा. किल्ली एका परक्याकडून दुसऱ्या ओळखीच्या माणसाकडे गेली, घरात आली नाही. स्वदेशी आणि स्वतःचे यांत गल्लत करू नका, असा आमचा आग्रह आहे. केंद्र सरकारने २०१५ साली स्वतःसाठी ओपन सोर्सला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले होते. त्या धोरणाची आठवण आज कोणाला करून द्यावी लागते, हेच दुखणे आहे.

आता अवघड भागाकडे येऊ, कारण तो लपवून लोकांना या वाटेवर पाठवणे ही फसवणूक होईल. मेल सर्व्हर बसवणे सोपे आहे. चालवणे सोपे नाही. पवनानगरच्या दुकानात जिन्याखाली संगणक ठेवून हे होणार नाही. जून-जुलैत मावळात पाऊस लागला, की वीज जाते, नेट जाते. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलत राहतो आणि अशा पत्त्यावरून आलेले पत्र मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर दारातूनच परत पाठवतात. यासाठी मुंबई-पुण्याच्या विदा केंद्रातला, स्थिर आयपीचा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. त्या आयपीची उलट नोंद डोमेनशी जुळावी लागते. पत्र खरोखर आपल्याच डोमेनचे आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी बिनचूक कराव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी नियम कडक केले आहेत आणि रोज पाच हजारांहून जास्त पत्रे पाठवणाऱ्यांना तर या तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत. नवा सर्व्हर पहिले काही आठवडे संशयित मानला जातो. सुरुवातीची पत्रे स्पॅममध्ये पडतात, धीर धरावा लागतो.

आणि खुली आज्ञावली म्हणजे आपोआप सुरक्षित, हा भ्रम नको. २०२१ साली एक्झिम या लोकप्रिय खुल्या मेल सर्व्हरमध्ये एकदम २१ त्रुटी उघड झाल्या. त्या दुरुस्त करणारी नवी आवृत्ती लगेच आली, पण ज्यांनी ती घातली नाही त्यांना तिचा उपयोग शून्य. झिंब्रा या मेल संचाच्या ग्राहकांना वेगळाच धडा मिळाला: नवव्या आवृत्तीपासून कंपनीने खुल्या आवृत्तीचे तयार संच देणे थांबवले. म्हणून एकाच कंपनीच्या मर्जीवर चालणाऱ्या 'खुल्या' मालापेक्षा पोस्टफिक्स-डव्हकॉटसारखी, सुटे भाग बदलता येणारी व्यवस्था निवडावी. दर आठवड्याला अद्ययावत करणारा, रोज बॅकअप घेणारा आणि तो बॅकअप परत उघडतो का हे तपासणारा माणूस हवा. तो माणूस नसेल, तर सर्व्हर उभारू नका. आधी माणूस शोधा.

एकट्या तंबूवाल्याला असा माणूस परवडणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच आम्हाला या प्रश्नाचे उत्तर सहकारात दिसते. उसाचे गाळप कारखानदाराच्या मर्जीवर नको, म्हणून महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने प्रवरानगरला स्वतःचा कारखाना काढला. कर्ज सावकाराकडून नको म्हणून पतसंस्था काढल्या, दुधाचा दर व्यापाऱ्याने ठरवू नये म्हणून संघ काढले. पवन मावळातल्या फूल उत्पादकांनी, पर्यटन व्यावसायिकांनी, तळेगावच्या लहान कारखानदारांनी आणि पतसंस्थांनी मिळून एक सामाईक मेल सर्व्हर चालवणे त्यापुढे काहीच नाही. प्रत्येकाचे डोमेन स्वतःचे, प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या आणि सगळ्यांचा मिळून एक पूर्णवेळ पगारी जाणकार, त्याच्या हाताखाली दुसरा, म्हणजे पहिला रजेवर गेला तरी काम अडत नाही. वडगाव-तळेगावची मुले संगणकाच्या पदव्या घेऊन हिंजवडीला जातात आणि तिथे परदेशी कंपन्यांचे हेच सर्व्हर सांभाळतात. ते कौशल्य दूर नाही.

पतसंस्थांना हे आम्ही जास्त जोर देऊन सांगतो. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात बँकेचे स्वतःचे ईमेल डोमेन आणि डीमार्कची सोय सांगितली. २०२५ मध्ये सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत बँक डॉट इन या डोमेनवर जावे असा आदेश निघाला. पतसंस्था या चौकटीत येत नाहीत, म्हणून सभासदाच्या ठेवीची माहिती आजही फुकटच्या खात्यांवरून ये-जा करते. अशा खात्याच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे करून बनावट पत्ता काढायला भामट्याला दोन मिनिटे लागतात. 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, पुढची रक्कम इथे पाठवा' असे पत्र निर्यातदाराच्या नावाने खरेदीदाराला जाते आणि पैसे गायब होतात. सायबर पोलिसांना हा गुन्हा नवा नाही. शिवाय, तंबू-मुक्कामाच्या बुकिंगसाठी पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटो ज्या पेट्यांत साचत आहेत, त्यांचे काय? वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या. फुकटच्या खात्याच्या सर्व्हर नोंदी मागायच्या तरी कोणाकडे?

राज्य सरकारने यात हात झटकू नयेत. एमआयडीसी उद्योजकाला रस्ता, पाणी, वीज देते; त्याच यादीत सामाईक मेल सर्व्हरची जागा आणि स्थिर आयपी का नसावा? आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या अभ्यासक्रमात लिनक्स सर्व्हर चालवण्याचे प्रत्यक्ष शिक्षण यावे. सहकार खात्याने पतसंस्थांना स्वतःचे डोमेन सक्तीचे करावे आणि त्यासाठी मुदत द्यावी. आणि मराठीतल्या पत्त्यांचा विचार आत्ताच व्हावा: देवनागरीतले डॉट भारत हे डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे आणि पोस्टफिक्सने फेब्रुवारी २०१५ च्या आवृत्तीपासून देवनागरी पत्ते चालवण्याची सोय दिलेली आहे. दुकानाची पाटी मराठीत आणि पत्ता मात्र इंग्रजीतच हवा, असे तंत्रज्ञान सांगत नाही.

हे सगळे एका महिन्यात होणार नाही. पण पुढचा गुलाबाचा हंगाम येण्याआधी काही कामे प्रत्येक व्यावसायिक करू शकतो. स्वतःचे डोमेन नसेल तर घ्यावे आणि ते धंद्याच्या नावावरच नोंदवावे. वेबसाइट करून देणाऱ्याच्या किंवा पुतण्याच्या नावावर नको. डोमेनचा पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल मालकाच्या हाती असावा. सध्याच्या खात्यातली सगळी जुनी पत्रे आयमॅपने थंडरबर्डमध्ये उतरवून त्यांची एक प्रत कचेरीतल्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी ठेवावी. खरेदीदारांना नवा पत्ता आतापासून कळवावा आणि काही महिने जुना-नवा दोन्ही चालू ठेवावेत. शेजारच्या पाच-दहा व्यावसायिकांना एकत्र बसवून खर्चाचा अंदाज काढावा. जो जाणकार सापडेल, त्याला पहिला प्रश्न विचारावा: आम्ही उद्या तुम्हाला सोडून जायचे ठरवले, तर आमची पत्रे घेऊन आम्ही किती दिवसांत बाहेर पडू? याचे उत्तर तो दिवसांत आणि लेखी देत नसेल, तर दुसरा माणूस पाहावा.